अप्पांच्या आवाजासाठी दुसरी डिस्क

१० नोव्हेंबर, सोमवार

कॉम्प्युटर टकटक करतो आहे.

आधी वाटलं, भिंतीवरचं घड्याळ. मग वाटलं, पाल. शेवटी टेबलाखाली वाकून डब्याला कान लावला. आतूनच येतंय. टक्, टक् — जरा शांत — पुन्हा टक्. चालू होताना काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी येतात. डिस्क निकामी होण्याच्या बेतात आहे, आतलं सगळं दुसरीकडं काढून ठेवा. तीस वर्षं मुलांना संदिग्धता शिकवली. या दोन ओळींत ती औषधालाही नव्हती.

आतलं सगळं म्हणजे काय? माझी अर्धवट कादंबरी. ती गेली तर कुणाचं काही अडणार नाही. माझं तर मुळीच नाही, सुटेन. पेन्शनचे कागद. ते परत मिळतील. आणि अप्पांच्या एक्केचाळीस फायली.

त्या परत मिळणार नाहीत.

तीन वर्षांपूर्वी अप्पांनी मंगळवार पेठेतलं भुसार दुकान बंद केलं. एकोणसाठ वर्षं चालवलं होतं. तेव्हा मी त्यांना समोर बसवून रेकॉर्डिंग केलं — ज्वारी, तूर, हमाल, अक्कलकोटकडून यायच्या त्या गाड्या, सगळं. ऐकून, उतरवून पुस्तक करायचं असा माझा बेत. आवाजाचा दर्जा सर्वांत वरचा ठेवला, म्हणून फायली अवाढव्य. त्यातल्या ऐकल्या किती? एकही नाही!

गेल्या वर्षी सप्टेंबरात अप्पांना झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. उरलं ते फक्त 'हं'. चौदा महिने आम्ही दोघं 'हं'वर राहतो आहोत.

म्हणजे अप्पांचा आवाज आता त्या डब्यात आहे. आणि डबा टकटक करतो आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पेन ड्राइव्हवर फायली मावेनात. एक तरी घ्यावी म्हणून घेतली, तर अर्ध्यावर पडदा गोठला. माउस मेला. मीही जवळजवळ.

नंदीशकडे गेलो. नंदीश कॉम्प्युटर विकतो आणि दुरुस्त करतो. वीस वर्षांपूर्वी ज्युनिअर कॉलेजात माझ्या वर्गात होता. बारावीला मराठीत बत्तीस. पासाला पस्तीस लागतात. हे तो विसरलेला नाही. आजही दुकानातल्या गिऱ्हाइकाला माझी ओळख करून दिली: "हे आमचे सर. ह्यांनी मला तीन मार्कांत धंद्याला लावलं."

त्यानं नीट समजावून सांगितलं. जुन्या डिस्कला आता छळायचं नाही. डब्यात दुसरी डिस्क बसवायची आणि फायली एका दमात तिच्यावर घ्यायच्या. बसवायला रविवारी येतो म्हणाला. मी म्हणालो, चार स्क्रू आणि दोन वायरी, त्यात काय, मीच बसवतो. तो माझ्याकडं बघत राहिला. आमच्यात आधी असं बघायचं काम माझं होतं.

"बसवा की सर," म्हणाला. "जुनीला तेवढा धक्का लावू नका."

नवी डिस्क घरी आणली. खोकं देवघराच्या फळीवर ठेवलं. घरात पुस्तकं नसलेली तेवढी एकच जागा आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नळाचा दिवस. पाच दिवसांनी पाणी. पिंप, घागरी, बादल्या, शेवटी चहाची पातेलीसुद्धा. डिस्क फळीवरच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसाची सुरुवात रोजच्यासारखी. स्पीच थेरपिस्ट बाईंनी भिंतीवर एक कागद लावून दिलाय. बाईंचं म्हणणं, बाकीचं बोलणं बंद झालं तरी जन्मभर घोकलेलं कधीकधी तसंच बाहेर येतं. प्रार्थना, गाणं, मोजणी. अप्पा प्रार्थना आयुष्यभर मनात करत आले. गाणं म्हणताना त्यांना कुणी ऐकलेलं नाही. राहिली मोजणी. म्हणून मी रोज सकाळी समोर बसतो आणि म्हणतो, "एक." आणि थांबतो. अप्पांनी "दोन" म्हणावं अशी अपेक्षा. अप्पा तोंड घट्ट मिटून माझ्याकडं बघतात. पुन्हा "एक." पुन्हा तसंच. दहा वेळा करायचं असं कागदावर लिहिलंय, म्हणून दहा वेळा करतो. आज दहाव्या 'एक'ला त्यांनी मान भिंतीकडं वळवली.

मग डिस्क बसवायला घेतली. फोनवरच्या व्हिडिओत हे काम चार मिनिटांत होतं. मला दोन तास. डबा उघडला, तर आत इतकी धूळ की पेरणी करता आली असती. एक मेलेलं झुरळ. माझ्या पेनाचं हरवलेलं टोपण — दोन हजार एकोणीसपासून मथुराबाईंवर माझा संशय होता.

मथुराबाई म्हणजे माढ्याकडच्या. आधी घरकामाला होत्या, आता दिवसभर अप्पांचं बघतात. टोपण दाखवलं. त्या म्हणाल्या, "सापडलं न्हवं? मग झालं की." मला क्षमा वगैरे मागायला वावच ठेवला नाही.

डिस्कचं चंदेरी पाकीट एका बाजूनं उघडंच होतं, चिकटपट्टी ओढल्यासारखी. असेल. डिस्क खाचेत सरकवली, वायरी खोचल्या, स्क्रू पिळले. एक स्क्रू उरला. व्हिडिओत उरला नव्हता.

चालू केलं. जुनी टकटकली. नवी गप्प. पडद्यावर जुनीच तेवढी, नवीचं नाव नाही. बंद केलं, चालू केलं. नाही. बंद, चालू. नाही.

अप्पा दारातल्या खुर्चीतून सगळं बघत होते. मधेच "हं, हं" करून डाव्या हाताची तीन बोटं कपाळावरून फिरवली. कपाळ दुखतंय? म्हटलं. त्यांनी मान हलवली — हो की नाही, त्यांचं आता कळत नाही. बाम चोळला. त्यांनी डोळे मिटून घेतले. आराम वाटला असावा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

व्हिडिओतला माणूस म्हणतो, वायर बदलून बघा. जुनीची वायर नवीला लावली. आता पडद्यावर काहीच नाही. अक्षरशः काही नाही — काळा पडदा आणि एक ओळ, सुरू करायला डिस्कच सापडत नाही म्हणून.

जुनीला धक्का लावू नका असं एकच सांगितलं होतं!

दहा मिनिटं जमिनीवर बसून राहिलो. हातात वायर. मथुराबाई दारात येऊन म्हणाल्या, "सर, ते टकटक करत हुतं तवाच बरं हुतं की." वायर परत जिथल्या तिथं लावली. बटण दाबलं. टक्. टक्. पडदा उजळला. माझ्या आयुष्यात कुठल्याही ओळीनं मला एवढा आनंद दिलेला नाही.

नवी मात्र तशीच. तिला कान लावला. पोटात हालचाल नाही. अंगाला हात लावला, गार. जुनीच्या अंगाला ताप आहे.

अप्पांनी पुन्हा तीन बोटं कपाळावरून फिरवली. माझ्याकडं नव्हे, डब्याकडं बघत. मथुराबाई म्हणाल्या, लई दुखत आसंल, ते सांगत्यात. बाम. त्यांनी माझा हात झटकला. मग घाबरलो. अक्कलकोटला अक्काला फोन केला. अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. ती कन्नडमध्ये सुरू होते आणि मराठीत रागावते. म्हणाली, तुझा तो डबा राहू दे, आधी अप्पांना दाखव. डॉक्टर घरी येऊन गेले. दाब ठीक, साखर ठीक, डोळ्यांत बॅटरी मारून बघितली. ठीक. कपाळाला काय लावलंय एवढं, म्हणाले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज नीचपणा केला. लिहून ठेवतो.

सकाळी डबा दोनदा चालूच झाला नाही. तिसऱ्यांदा झाला, पण टकटकीतलं अंतर कमी झालंय. परवा मी मधे पाचसहा श्वास घ्यायचो, आज दोन. भीती वाटली, आणि भीतीचं मी नेहमी करतो तेच केलं. दुसऱ्याची चूक शोधली. पाकीट उघडं होतं ते आठवलं. नंदीशला फोन लावला. म्हणालो, तू मला वापरलेला माल दिलास. पाकीट फोडलेलं होतं. चिकटपट्टी ओढलेली होती. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. अशी बरीच वाक्यं. व्याकरणदृष्ट्या निर्दोष.

पलीकडं, मागं दुकानात कुणीतरी प्रिंटरबद्दल विचारत होतं, त्याला त्यानं थांबवलं.

"सर, मी तुमाला फुटका माल दीन व्हय?"

मी म्हणालो, तसं दिसतंय खरं.

"उद्या येतो," म्हणाला, आणि फोन ठेवला. आत्तापर्यंत माझ्याआधी त्यानं कधी फोन ठेवला नव्हता.

दिवसभर डबा बंद ठेवला. ऐकायला काही नाही म्हणून तीन वर्षांत फायली का ऐकल्या नाहीत याचा विचार करत बसलो. उत्तर सोपं आहे. अप्पा शेजारच्या खोलीत होते. कधीही ऐकता आले असते. मग फायली कशाला ऐकायच्या? आणि मग अप्पांना तरी कशाला?

१६ नोव्हेंबर, रविवार

नंदीश दहाला आला. चप्पल काढली, अप्पांना वाकून नमस्कार केला, मला नाही. चहा नको म्हणाला. सरळ टेबलाखाली शिरला. माझा उरलेला स्क्रू कुठला ते त्याला बघताक्षणी कळलं, पण बोलला नाही. ते जास्त लागलं.

नवी डिस्क बाहेर काढून उजेडात धरली. वायर खोचायच्या जागी सोनेरी दात असतात बारीक, ओळीनं. तिथं फोनची बॅटरी मारली. मग माझ्यापुढं धरली.

"सर, हिच्या दातांत काय भरलंय बघा."

पांढरं. वाळून घट्ट झालेलं. मी नखानं खरवडलं, बोटावर घेतलं, वास घेतला. तो वास मी जन्मल्यापासून ओळखतो. विभूती!

दोघांनी एकदमच दाराकडं बघितलं. अप्पा खुर्चीत. त्यांनी डाव्या हाताची तीन बोटं उचलली आणि सावकाश कपाळावरून फिरवली. मग तीच तीन बोटं डिस्ककडं केली. "हं."

दुकानात नवीन वस्तू आली की तिला विभूती लावल्याशिवाय अप्पांनी कधी वापरू दिली नाही. नवा तराजू, पोती ओढायचा आकडा, पहिला फोन, माझी स्कूटर, अक्काचा मिक्सर. आणि कुठंही लावत नसत. वस्तू जिथून काम करते तिथं. तराजूला काट्यावर, स्कूटरला दिव्यावर, मिक्सरला भांड्याच्या तोंडाशी. डिस्क दोन दिवस देवघराच्या फळीवर, रोज सकाळी मथुराबाई त्यांना पूजेला बसवतात तिथं, त्यांच्या हाताशी. मी खोकं तिथं का ठेवलं, तर पुस्तकं नव्हती म्हणून. त्यांना वाटलं, त्यासाठीच ठेवलंय. चालू हातानं — एकाच — त्यांनी ते खोकं उघडलं, पाकिटाची पट्टी सोडवली, बहुतेक दातांनी, काम करायची जागा बरोबर हुडकली, ओली विभूती तीन बोटांनी दाबून लावली, आणि सगळं परत जसंच्या तसं ठेवलं. किती वेळ लागला असेल! आणि गेले तीन दिवस ते मला सांगत होते. लावलंय, लावलंय. मी बाम चोळत होतो.

नंदीश हसला नाही, यासाठी मी त्याला काहीही देईन. त्यानं आधी डिस्क कपाळाला लावली. मग इंजेक्शनच्या वेळचं स्पिरिट मागितलं आणि दात घासायचा जुना ब्रश. दहा मिनिटं एकेक दात घासला. वाळू दिलं. बसवली. बटण.

घूंऽ असा बारीक आवाज. नवीचा. मथुराबाई म्हणाल्या, "बोलली की."

पडद्यावर मात्र तरीही नाही. नंदीश म्हणाला, नवीन आहे, तिची आधी ओळख करून द्यावी लागते. मग दिसते. त्यानं एक यादी उघडली. त्यात दोन डिस्क होत्या, शून्य आणि एक. "शून्य म्हंजे जुनी, एक म्हंजे नवी. हितं चुकला तर जुनीच पुसली जाती सर. मशीन शून्यापासून मोजतं, आपल्यासारखं एकपासून न्हाय."

दारातून अप्पा म्हणाले, "हं." जरा मोठ्यानं. शून्याला एकदा आणि एकाला एकदा मान हलवून, या खेपेला स्पष्ट नकारार्थी. मला वाटलं, यंत्राचं मोजणं त्यांना पटलं नसावं.

नवीला नाव द्यायचं होतं. मी विचार करत होतो. शीर्षकांना मला नेहमी वेळ लागतो. कादंबरीची चार झाली आहेत, प्रकरणं तीन. नंदीशनं तोवर 'अप्पा' असं टाकून टाकलंही.

फायली जायला लागल्या. दुपारी साडेचारपर्यंत. प्रत्येक फाईल पोचली की नंदीश भिंतीला टेकून मान हलवायचा. जेवायला थांबला. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. अडतीस पोचल्या. तीन वाचता आल्या नाहीत. मी म्हणालो, कुठल्या तीन, काय असेल त्यांत. तो म्हणाला, सर, अडतीस बघा.

निघताना मी दारापर्यंत गेलो. कालच्याबद्दल वाक्य तयार केलं होतं. दोन उपवाक्यांचं. अर्ध्यावर त्यानं हात वर केला.

"राहू द्या सर. तीन मार्क वाढवा."

१७ नोव्हेंबर, सोमवार

ऐकायला बसणार होतो. कपाट आवरलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी कागदाप्रमाणे. एक. एक. एक. अप्पा तोंड मिटून. चौदा महिन्यांत या एका बाबतीत त्यांनी अजिबात माघार घेतली नाही.

जुनी डिस्क अजून टकटकते. आता टकटकू दे.

हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मग परत खणात ठेवले. उद्या नक्की.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पहिली फाईल. छप्पन्न मिनिटं.

सुरुवातीला खुर्ची ओढल्याचा आवाज. मग अप्पा: "चालू झालं का?" आठवत होता त्याहून जाड आवाज, शेवटाला थोडी खरखर, धान्य पोत्यातून उतरताना होते तशी. हात कानावर दाबून धरला.

मग मी. प्रस्तावना करतो आहे. मौखिक परंपरा, स्मृती, बाजारपेठ आणि भाषा. एकोणीस मिनिटं! अप्पा मधेमधे "हं" म्हणतात. एकोणिसाव्या मिनिटाला त्यांना पहिला प्रश्न विचारतो, आणि त्यात उत्तरही घालून ठेवतो. अप्पा म्हणतात, "हं."

दुसरी फाईल. तेच. तिसरी. अप्पा तुरीबद्दल सांगायला लागतात, चार वाक्यं सुंदर जातात — आणि मी म्हणतो, हे फार महत्त्वाचं आहे अप्पा, आणि ते का महत्त्वाचं आहे हे सांगायला लागतो. मला कुणीतरी थांबवावं असं वाटत राहिलं. त्या खोलीत थांबवू शकणारा एकच माणूस होता, आणि तो सभ्य होता.

दुपारी हेडफोन काढून स्पीकरवर लावलं. मथुराबाई अप्पांना चहा पाजत होत्या. थोडं ऐकून म्हणाल्या, "अप्पांचं लावणार हुता न्हवं? ह्यो तर तुमचाच आवाज सगळा."

"अप्पांचं येतंय पुढं," म्हणालो.

अप्पा डोळे मिटून ऐकत होते. स्वतःचा आवाज आला तेव्हाही हलले नाहीत. माझा आला की एक डोळा उघडायचे.

आठ फायली झाल्या. अप्पांचं बोलणं, 'हं' सोडून, सगळं मिळून एक चहा संपेपर्यंतही नाही. झटक्याआधीसुद्धा माझ्यासमोर ते 'हं'वरच होते. चौदा महिने मी झटक्याला दोष देत होतो.

यासाठी मी डबा उघडला, अक्काला घाबरवलं, नंदीशला चोर म्हणालो. स्वतःची अडतीस व्याख्यानं वाचवली. सर्वोच्च दर्जात.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सतरावी फाईल. इथं अप्पा रंगात आलेत. मल्लप्पा नावाच्या हमालाची गोष्ट चाललीये. तो पोतं पाठीवर घेऊन शिंकायचा नाही, शिंक आली तर पोतं उतरवून ठेवायचा, शिंकायचा, परत उचलायचा. मीही गप्प आहे, हे विशेष. मग अप्पा माप कसं टाकायचं ते सांगतात. पायली कशी धरायची, वर हात कसा फिरवायचा. आणि म्हणतात:

"पोत्यातनं पहिलं माप काढलं की एक म्हणायचं नसतं. त्याला आपण —"

आणि मी: "ते माहीत आहे मला, अप्पा. तुम्ही मल्लप्पाचं पूर्ण करा आधी."

"हं," अप्पा म्हणतात. मल्लप्पाचं त्यांनी पूर्ण केलं नाही. फाईल पुढं बावीस मिनिटं आहे. त्यात मी आहे.

मागं नेऊन पुन्हा ऐकलं. चार वेळा. ते माहीत आहे मला. काय माहीत आहे? काही माहीत नाही! जन्म भुसार दुकानातला, पण मी पोत्यांच्या थप्पीवर बसून वाचत असायचो. खाली मापं पडायची, अप्पा मोजायचे, मला तो गोंगाट वाटायचा.

मथुराबाई स्वैपाकघरात दळणाला ज्वारी काढत होत्या. मापट्यानं. दारात जाऊन विचारलं, पहिल्या मापाला तुम्ही काय म्हणता?

त्यांनी मापटं हातात धरूनच माझ्याकडं बघितलं.

"लाभ म्हंतो की. लाभ, दोन, तीन. पैल्याला एक कुटं म्हंत्यात व्हय? धान्य एकटं पडतं, वाढत न्हाय."

मी बाहेर यायला वळलो.

"सर," त्या म्हणाल्या, "तुमी दुकानदाराचे ल्योक न्हवं?"

बाहेर आलो. भिंतीवर बाईंचा कागद आहे. सुबक अक्षर, एक ते दहा. एकाभोवती लाल गोल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी कागद काढला. ज्वारीचं पोतं अप्पांच्या खुर्चीपाशी ओढलं. मापटं त्यांच्या डाव्या हातात दिलं, वरून माझा हात धरला. भरून पाटीत ओतलं. म्हणालो, "लाभ."

दुसरं भरलं. ओतलं. थांबलो.

"दोन," अप्पा म्हणाले.

मग तीन. मग चार. आठाला माझा हात बाजूला केला. अकराला पाटी भरली, पुढची ज्वारी फरशीवर सांडत गेली. दारात मथुराबाई तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. रेकॉर्डर लावायचं सुचलं नाही.

एकवीसपर्यंत गेले. मी मधे बोललो नाही.